एका मुठीचं भात

परत आल्यापासून बार्शीत जो भेटतो तो आधी विचारतो, "जंजिरा पाहिलात का?" पाहिला. आगरदांड्याहून दिघीला जाताना फेरीबोटीच्या कठड्याला टेकून, हातात चहाचा कागदी पेला धरून, लांबून पाहिला. त्याहून जवळ जाणं जमलं नाही, कारण माझं आणि माधवचं भांडण चालू होतं आणि किल्ल्यासाठी ते थांबवावं असं दोघांनाही वाटलं नाही.

हे भांडण जुनं आहे. माधव आणि मी पुण्याला कॉलेजात असताना एका खोलीत राहायचो. पुढे मी बार्शीला जीवशास्त्र शिकवलं आणि तो अलिबागला वकिली करत राहिला. निवृत्तीनंतर मी गावोगाव फिरून व्याख्यानं देतो. जनुकांची भीती बाळगू नका, चंद्रावर यान पाठवणं ही उधळपट्टी नव्हे, असं सांगत सुटतो. माधव वडिलांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत बसून वर्तमानपत्रांना बरोबर याच्या उलट पत्रं लिहितो. गेल्या वर्षी एका दैनिकात आम्ही लागोपाठ चार आठवडे एकमेकांना उत्तरं दिली आणि आम्ही मित्र आहोत हे दोघांनीही वाचकांना कळू दिलं नाही.

मग ऑक्टोबरात त्याचा फोन आला. दिघीच्या पलीकडे एका गावात ग्रामसभा आहे. खाऱ्या जमिनीत तगणारं, जनुकं बदललेलं भात तिथं दोन वर्षं एका शेतात लावून पाहताहेत. तिसऱ्या वर्षी ते जास्त शेतांत लावू द्यायचं की नाही, हे गाव ठरवणार आहे. सरपंचांना दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बोलायला हवाय. "विरोधात मी आहे," माधव म्हणाला. "बाजूनं बोलायला तुझ्याइतका हट्टी माणूस मला दुसरा माहीत नाही."

गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

अलिबाग

मुंबईहून रो-रो बोटीनं मांडव्याला उतरलो तेव्हा माधव न्यायला आला होता. त्याच्या वाडीत पाऊल टाकलं की ऊन थांबतं. वर नारळ, खाली सुपारी, त्याखाली मिरीचे वेल, आणि मधून पाट वाहतोय. आमच्याकडे एका झाडाची सावली मिळाली तर माणसं तिला धरून बसतात. इथं सावलीला कंटाळून लोक ऊन शोधत समुद्रावर जातात.

वहिनींनी वालाचं बिरडं केलं होतं आणि सोबत अलिबागचा पांढरा कांदा. मी ज्वारीचा माणूस, भात म्हणजे जेवणाच्या शेवटी ताकासाठी घ्यायची गोष्ट. इथं भात आधी, भात मध्ये आणि घावणे म्हणून सकाळीही भातच. मी तीन वेळा कांदा मागून घेतला. वहिनी म्हणाल्या, "हाही संकरित नाही हं भावजी, जुनाच आहे." नवऱ्याचा पक्ष त्या असा पोळपाटावरून चालवतात.

आगरदांडा ते दिघी

फेरीबोटीवर गाड्या खाली आणि माणसं वर. आमच्या शेजारी पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ होते, पंचवीस वर्षं आखातात काढून आता दिघीला स्थायिक झालेले. आमचं बोलणं यानापर्यंत आलेलं त्यांनी ऐकलं आणि न राहवून मध्ये पडले.

"माफ करा जनाब," ते म्हणाले, "चंद्रावर कुठं उतरायचं तो नकाशा यांच्याकडे बरोब्बर असतो. आणि आमच्या जेटीवर रिक्षा कुठं उभ्या करायच्या, ते अजून ठरत नाही."

माधवनं माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. तेवढ्यात दोर गुंडाळणारा बोटीवरचा खलाशी मान वर न करता म्हणाला, "चाचा, पन वादलाची खबर वरूनच आली ना? माझा भाऊ होडी घेऊन मागं फिरला. खबर न्हाय आली तर तो आज नसता."

"मी यानाबद्दल बोललो, उपग्रहाबद्दल नाही," गृहस्थ म्हणाले.

"मला काय फरक? वर हाय ते वर हाय."

आता मी माधवकडे विजयी नजरेनं पाहिलं. पुढची दहा मिनिटं बोटीवरचे सातआठ जण या वादात पडले. बोट दिघीला लागली तेव्हा कोणीच हरलं नव्हतं. सगळे आपापल्या पिशव्या उचलून, एकमेकांना सलाम-नमस्कार करून पांगले. आमच्या टीव्हीवरच्या चर्चा अशा संपत नाहीत. मला त्या माणसांचा हेवा वाटला.

बोर्ली पंचतन

बोर्लीच्या बाजारात प्रज्ञा आमची वाट पाहत होती. ही भाताची चाचणी तिची. सांगलीकडची मुलगी, तिशी नुकतीच ओलांडलेली, एका संशोधन संस्थेत काम करते. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि माधवलाही केला. तो विरोधात बोलणार हे तिला ठाऊक होतं.

मी तिला विचारलं, सभेत गाव नाही म्हणालं तर? "तर चाचणी बंद," ती म्हणाली. "सर, सहा वर्षं गेलीत याच्यात. खाडीचं पाणी शिरलं की इथली दुसरी सगळी भातं जळतात. एक जुनं भात तेवढं तगतं, राता म्हणतात त्याला. पण त्याचं उत्पन्न फार कमी. मी बाहेरचं काहीच घातलेलं नाही. भाताच्याच एका जनुकाला एका ठिकाणी कात्री लावलीय."

राता कसा दिसतो ते पाहावं म्हणून मी एका धान्याच्या दुकानात शिरलो. दुकानदार हसला. "तो विकायला येत नाही हो. खाडीकाठच्या खारवाल्यांच्या घरात पिकतो आणि त्यांच्याच घरात संपतो. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलात तर ताटात दिसेल."

तो त्याच संध्याकाळी ताटात दिसला. आम्ही उतरलो होतो सभेच्या गावात, यमुनाकाकींकडे. प्रज्ञाची चाचणी त्यांच्याच शेतात चालू होती. काकींचं वय साठीच्या आसपास. नवरा आणि मुलगा मुंबईला कंपनीत, त्यामुळे शेती, घर आणि दोन म्हशी एकट्या बघतात. रात्याची भाकरी तांबूस असते आणि तिला गोडसर वास असतो. सोबत कोलंबीचं कालवण होतं आणि तळलेले निवटे. निवटा हा खाडीच्या चिखलात राहणारा मासा. त्याचे डोळे डोक्याच्या वर आलेले असतात आणि ताटातूनही तो आपल्याकडेच बघतो. मी डोळे मिटून एक खाल्ला आणि मग उघड्या डोळ्यांनी पाच.

खार

दुसऱ्या दिवशी दुपारी काकी मला खार दाखवायला घेऊन गेल्या. माधव सरपंचांकडे गेला होता आणि प्रज्ञा आपले कागद लावत बसली होती.

खार म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली जमीन. बांधाच्या एका बाजूला खाडी, कांदळवन, चिखल. दुसऱ्या बाजूला, खाडीच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर, पिकलेलं भात. मधे बांधाला लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. भरती आली की पाण्याच्याच रेट्यानं ती मिटते आणि ओहोटीला आतलं पाणी ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना माणूस. मी जनुकांवर व्याख्यानं देणारा माणूस त्या झडपेपुढे पंधरा मिनिटं उभा राहिलो आणि ती मिटताना बघून मुलासारखी टाळी वाजवली.

"बांध फुटला तर?" मी विचारलं.

"घरटी एक मानूस टोपली घेऊन येतं. लगीन असूद्या, मयत असूद्या. पानी सगल्यांचं एक हाय ना."

आमच्याकडे बांध ही भांडायची वस्तू आहे. वीतभर बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ कोर्टात जातात आणि खटला नातवंडांना वारशानं मिळतो. इथं बांधच सगळ्यांना बांधून ठेवतो, असं मी काकींना म्हणणार होतो, तेवढ्यात माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. पाय परत आला. चप्पल आली नाही. काकींनी हात घालून खूप शोधली आणि शेवटी हसत म्हणाल्या, "जाऊ दे. खारीनं ठेवून घेतली."

पुढचं सगळं मी एका चपलेनिशी पाहिलं. राता छातीएवढा उंच, लोंब्या तांबूस. प्रज्ञाचं भात कमरेएवढं, पिवळं, भरगच्च दाण्याचं. पाहून मला फार आनंद झाला. पण जवळ गेलो तेव्हा त्या बुटक्या पिकात जागोजागी तांबूस लोंब्या वर आलेल्या दिसल्या. एखाद-दुसरी नव्हे, चांगल्या दाटीनं.

"हे काय?" मी म्हणालो.

"प्रज्ञाबाईनी पन तेच इचारलं. फुलोऱ्याला आल्या तवा. मंग त्याच म्हनाल्या, जुनं गललेलं बी असंल. आन उपटून काढलं आमी जमंल तेवढं."

 काकी शेजारच्या शेताकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिकडं बगा. रात्याच्या बुडाशी."

मी वाकून पाहिलं. उंच रात्याच्या सावलीत, खाली, बुटकी पिवळी रोपं उभी होती. आधीच पिकलेली. काहींचे दाणे चिखलात झडलेले.

त्यानंतर काकींनी मला जे सांगितलं ते असं. खारीत भाताची लावणी नसते. बी भिजवून, पेंढ्यात दाबून मोड आणतात आणि मोड आलेलं बी चिखलात फोकतात, म्हणजे हातानं विखरून पेरतात. ज्या सकाळी बी फोकायचं त्या सकाळी प्रत्येक बाई आपल्या टोपलीतलं मूठभर बी घेऊन खारीतल्या घरोघरी जाते. त्यांच्या टोपलीत आपली मूठ टाकायची आणि त्यांची मूठ आपल्या टोपलीत घ्यायची. पाणी एक, तर बीही एकमेकांच्या ओळखीचं असावं, अशी रीत. गेल्या साली प्रज्ञाचा माणूस स्वतः येऊन पेरून गेला होता. यंदा तिनं बी काकींच्या हातात दिलं, कसं पेरायचं ते समजावलं आणि ती परत गेली. काकींनी मोड आणले आणि नेहमीप्रमाणे मूठ घेऊन फिरल्या. प्रज्ञाचं भात सगळ्या खारीत गेलं आणि सगळ्या खारीचा राता प्रज्ञाच्या भातात आला.

"पण काकी, संस्थेच्या करारावर लिहिलं होतं ना? बी कोणाला द्यायचं नाही म्हणून?"

"लिवलं व्हतं. मी वाचलं. सातवी शिकलीय मी." त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "पन मूठ म्हंजे काय देनं हाय का, सर? ती तर रीत. पान्याला कुनी देनं म्हनतं का?"

फुलोऱ्याच्या वेळी प्रज्ञाचा चेहरा बघितला तेव्हा त्यांना उमगलं. तेव्हापासून दोन महिने त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. घरटी बी जपलेलं असतं. रात्यात हे मिसळलं आणि उद्या बांध फुटून खारं पाणी आलं, तर ते रात्यासारखं तगेल की नाही कुणास ठाऊक. सगळ्या गावाचं बी आपण बिघडवलं, आणि ती गुणी पोर आपल्यामुळे तोंडघशी पडणार, या दोन्ही गोष्टी त्यांना खात होत्या. "उद्या सभेत सांगू का?" त्यांनी मला विचारलं. मी शिकलेला, लांबून आलेला, प्रज्ञाच्या बाजूचा. म्हणून मला विचारलं.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "उद्याची सभा होऊ द्या. मग शांतपणे बघू."

हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे ना गावाचं बी होतं, ना काकींची झोप. माधवचा चेहरा होता. एकदा निसटलेलं परत घेता येत नाही, हे त्याचं आवडतं वाक्य. गेल्या वर्षी चार आठवडे मी ते पेपरातून खोडून काढत होतो. उद्या भर सभेत ते त्याच्या हातात आयतं पडणार होतं. काकींनी मान हलवली आणि आम्ही परत निघालो. अनवाणी पायाला शिंपल्या टोचत होत्या.

सभा

ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी अकराला सभा भरली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, तरणी पोरं मोबाइल घेऊन दारात. मला वाटलं होतं वीसेक माणसं येतील. शंभरावर होती.

मी आधी बोललो. कात्रीचा दाखला दिला, शेकडो वर्षं माणूस बी निवडतच आलाय हे सांगितलं. लोक ऐकत होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे भात मंगळावर लावायला बनवलंय असं पोरगं म्हनतं. खरं हाय का?" मी म्हणालो, नाही, तिथं पाणीच नाही. "मंग तिथं जाऊन काय करनार?" यावर हशा पिकला आणि माझी पाच मिनिटं मंगळात गेली.

माधव नेहमीसारखा हळू बोलला. तो आवाज चढवत नाही, म्हणूनच मला त्याचा राग येतो. तो म्हणाला, "कात्री कुणी लावली आणि कशाला, यावर माझं भांडण नाही. माझा प्रश्न एवढाच, की उद्या हे नको वाटलं तर परत कसं घ्यायचं? बी कुणाचं ऐकत नाही." बायकांच्या बाजूनं दोनचार माना हलल्या. मी काकींकडे बघायचं टाळलं.

प्रज्ञा उठली. तिनं अगदी साध्या भाषेत सांगितलं, चाचणी एकाच शेतात बंदिस्त आहे, एक दाणाही बाहेर गेलेला नाही. तिला तसंच वाटत होतं. ती खाली बसायच्या आत काकी उभ्या राहिल्या.

"बाई खोटं न्हाय बोलत. त्यांना म्हाईत न्हाय. भायेर गेलंय. मी दिलं. मुठीत."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. एकही गोष्ट त्यांनी वगळली नाही. फक्त मला विचारलं होतं, ते सांगितलं नाही. माझी अब्रू राखली. 

माधव ताडकन उठला. "बघा! हेच मी—" एवढंच तो म्हणाला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो वाक्य तसंच टाकून खाली बसला. इतक्या वर्षांत माधव अर्ध्या वाक्यावर थांबलेला मी कधी पाहिला नव्हता.

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमाला काय बोलायचंय?"

मी उठलो. "काकींनी हे मला काल सांगितलं होतं," मी म्हणालो. "गप्प राहा, असं मीच सांगितलं. माझं चुकलं." आणि बसलो. माझ्या व्याख्यानांच्या इतिहासातलं हे सर्वांत छोटं भाषण.

प्रज्ञा मान खाली घालून बसली होती. तिचे डोळे भरले होते. सहा वर्षं एका टोपलीत मिसळून गेली होती. पण ती उठून म्हणाली, "यंदाची चाचणी बाद झाली. काकींची चूक नाही ती. बी देऊन मी निघून गेले. तुम्ही कसं पेरता ते बघायला मी त्या सकाळी इथं असायला हवं होतं." मग ती काकींच्या शेजारी जाऊन जमिनीवर बसली.

यानंतर वादविवाद होईल, कोणीतरी कोणाला दोष देईल, असं मला वाटलं होतं. तसं थोडं झालंही. पुरुषांच्या बाजूला आवाज चढले, कुणी तहसीलदाराचं नाव काढलं. पण बायकांच्या बाजूनं त्याच म्हातारीनं हात वर केला आणि एकच विचारलं, "कुनाकुनाकडं मूठ गेली?"

एकेक हात वर झाला. जवळजवळ सगळे.

"आन कुनाकडं न्हाय गेली?"

 सगळ्या बायकांची तोंडं एकाच दिशेला वळली. मागे, खांबाला टेकून, पार्वतीबाई बसल्या होत्या. यमुनाकाकींची थोरली जाऊ. अकरा वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं, असं शेजारच्या बाईनं मला कानात सांगितलं. कशावरून ते तिलाही नक्की ठाऊक नव्हतं. सासूच्या तेराव्याला कुणी वाढायचं, यावरून काहीतरी. बोलणं नाही तर मूठ नाही. दोघींची शेतं खारीच्या दोन टोकांना, पार्वतीबाईंचं अगदी उघाडीजवळ. जावांच्या भांडणात बहुतेक घरांनी काकींची बाजू धरलेली. मोजक्या दोनतीन घरांशीच पार्वतीबाईंची देवाणघेवाण होती, आणि यंदा त्यांच्या आजारपणामुळे तीही झाली नव्हती.

म्हणजे सगळ्या खारीत यंदा निर्भेळ राता उरला होता तो फक्त त्यांच्या शेतात. पुढच्या साली गावाला बी हवं असेल तर ते तिथूनच मिळणार होतं.

पार्वतीबाई उठल्या, पदर सारखा केला आणि शेडमधून निघून गेल्या.

ओटीवर

ग्रामसभेनं काय ठरवलं ते सांगतो. पुढच्या वर्षी चाचणी नाही. त्यानंतर प्रज्ञानं पुन्हा यावं, पेरणीच्या आधीपासून गावात राहावं, मग बघू. यात माझा पक्ष जिंकला की माधवचा, यावर आम्ही येताना वाद घालायचा प्रयत्न केला, पण त्यात दम नव्हता.

दुपारी बायका विळे घेऊन खारीत उतरल्या आणि बुटकी रोपं वेचून काढू लागल्या. आम्हा दोघांनाही एकेक विळा मिळाला. अर्ध्या तासात मी तीन रोपं रात्याचीच कापली आणि माधवनं पाच. दोघांचे विळे काढून घेण्यात आले.

संध्याकाळ व्हायच्या आधी काकी हातपाय धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "जावेकडं जायचंय. तुमी दोघं चला."

"आम्ही कशाला?" माधवनं विचारलं. "हे घरातलं आहे."

"भायेरची मानसं असली की घरातली नीट बोलतात."

पार्वतीबाईंचं घर पन्नास पावलांवर होतं. अकरा वर्षांत काकींनी ती पन्नास पावलं टाकली नव्हती. पार्वतीबाई ओटीवर सूप घेऊन बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी चटई ओढली, आम्हा दोघांना पाणी दिलं. काकींना दिलं नाही. काकी पायरीवरच उभ्या राहिल्या.

"वयनी," काकी म्हणाल्या. तेवढ्यावरच अडल्या. मग एका दमात म्हणाल्या, "माझं चुकलं. सगल्यांचं बी बिघडलं माझ्या हातानं. तुमचं तेवढं चांगलं राह्यलंय. गावाला बी द्या. मला नका देऊ, पन गावाला द्या."

पार्वतीबाई सुपातले खडे निवडत राहिल्या.  मला वाटलं, आता ही बाई अकरा वर्षांचं सगळं बाहेर काढणार. तुझं पाप, माझं पुण्य, देवानं बघितलं, असं काहीतरी. तिच्या जागी मी असतो तर मी सोडलं नसतं.

मग त्यांनी सूप खाली ठेवलं.

"त्या सकाली मी टोपली घेऊन दारात बसले व्हते," त्या म्हणाल्या. "तू समोरून गेलीस. धाकल्या जावेकडं गेलीस, पाटलांकडं गेलीस, सगल्या खारीत गेलीस. चांगलं नवं बी आलंय, सरकारी बाईनं दिलंय, असं समदी सांगत व्हती."  "सगल्यांना मूठ दिलीस. मला न्हाय दिलीस."

माधवनं माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी त्याच्याकडे. काकी पायरीवर मटकन बसल्या आणि पदरात तोंड घालून रडू लागल्या.  पार्वतीबाईंनी तांब्या उचलला आणि काकींपुढे पाणी ठेवलं.

"कापनीला ये," त्या म्हणाल्या. "बी तुझ्याच हातानं निवड. मला डोल्यांनी धड दिसत न्हाय आता."